दाराची फट आणि माझी सही

देवरावभाऊ,

सहा वर्षांपूर्वी मी एका कागदावर दोन ओळी लिहिल्या. 'जिगमध्ये दोष. फिटरने जोडणीत काळजी घेतली नाही.' खाली माझी सही. त्या दोन्ही ओळी खोट्या होत्या आणि हे मला लिहितानाच ठाऊक होतं. तुम्ही होता तोवर हे तुमच्यासमोर बोलायची हिंमत झाली नाही. आता तुम्ही नाही, तर लिहायला बसलो आहे. यात मोठेपणा काही नाही. उत्तर देणारा माणूस गेल्यावर कबुली देणं सोपं असतं, एवढंच.

तो कागद बोरगावच्या आपल्या कारखान्यात सगळ्यांसमोर वाचला गेला होता. म्हणून हेही चारचौघांनी वाचावं असं वाटतं. त्यांच्यासाठी तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टी मला पुन्हा सांगाव्या लागतील. तेवढं सहन करा.

आपण जनरेटरवर बसवायच्या पत्र्याच्या पेट्या बनवायचो. जनरेटरचा आवाज आत राहावा आणि पावसाचं पाणी बाहेर, एवढंच त्या पेटीचं काम. तुम्ही जोडणीचे मिस्त्री, रोज रामाकोन्याहून येणारे. मी डिझाइनवाला, पांढुर्ण्याच्या मास्तरांचा मुलगा, सौसरला खोली करून राहणारा. पहिल्याच आठवड्यात मी तुमच्या कामात एक चूक काढली. ती खरी चूक होती, तुम्ही मान्यही केली. वर म्हणालात, मास्तरच्या घरचे ना, चुका काढाची सवयच असन. कधीमधी आपल्या कागदातल्या बी काढत जा जी. सगळे हसले. मीही हसलो, पण घरी जाईपर्यंत ते मनात टोचत राहिलं. मला तुमच्या बोलण्याआधी तुमच्यामागे उठणारं हसू ऐकू यायचं, हा माझा जुना दोष.

पत्रा काय चीज असते ते मला कॉलेजने शिकवलं नाही, तुम्ही शिकवलं. एकदा तुम्ही एकाच गुंडाळीतून कापलेले, एकाच माणसाने एकाच मशीनवर वाकवलेले दोन तुकडे आणलेत. ते पाठीला पाठ लावून उजेडासमोर धरलेत. मधून उजेडाची एक बारीक रेघ दिसत होती. पत्रा वाकवला की थोडासा मागे येतो, आणि प्रत्येक वेळी सारखाच येईल असं नाही, असं तुम्ही सांगितलंत. त्याच्यावर रागावून उपयोग नाही, हेही. मी ते वहीत लिहून घेतलं. समजलं मात्र नाही.

मग तो नवा नमुना आला. जुन्या पेटीचं दार चौकटीच्या वर चढून बसायचं. आतलं माप तीन-चार मिलीमीटर इकडेतिकडे झालं तरी बाहेरून कुणाला कळायचं नाही. मालकांनी कुठल्याशा प्रदर्शनात वेगळी पेटी पाहिली होती. तिचं दार चौकटीच्या आत, अगदी समतल बसलेलं, चारी बाजूंनी सारखी बारीक फट. तसंच आपलंही हवं, असं त्यांनी मला सांगितलं. मी लगेच होईल म्हणालो. तुम्हाला न विचारता.

नकाशा अर्धाच झाला होता तेव्हा तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात. ही वेळ मी पुन्हा पुन्हा आठवतो. कारण तेव्हा एकही पत्रा कापलेला नव्हता, एकही साचा बनलेला नव्हता. पडद्यावरच्या दोन-चार रेघा सरकवल्या असत्या तर सगळं तिथेच मिटलं असतं. तुम्ही चष्मा पुसून बराच वेळ पाहिलंत.

"दार चौकटीवर चढू द्या," तुम्ही म्हणालात. "मालक नाई म्हनत असन, तं कब्ज्याचे छेद लंबे करा. दार सरकवाले जागा राहीन. अन् सारे मापं एकाच कोपऱ्यातून घ्या. तुम्ही याचं त्याच्यावरून, त्याचं याच्यावरून घेऊन राहिले."

कब्जे म्हणजे दाराच्या बिजागऱ्या, हे वाचणाऱ्यांसाठी. मी तुम्हाला समजावून सांगितलं. आज तो स्वर आठवला की कान गरम होतात. म्हटलं, भाऊ, मी प्रत्येक भागाच्या मापाला अर्ध्या मिलीमीटरची मर्यादा घातली आहे. प्रत्येक भाग मर्यादेत आला की दार बसणारच.

"भाग सहा हायेत. साऱ्याईनं अर्धा अर्धा एकाच अंगाले खाल्ला तं?"

"असं सगळे एकाच बाजूला कधी जात नाहीत, भाऊ."

"आपल्या गावात जातेत जी."

पुन्हा सगळे हसले. वेल्डिंगवाले, रंगवाले, हिशेबाचा बाबू, सगळे. तुम्ही त्यात खवचटपणा केला नव्हता. पण मी संगणकाकडे वळलो आणि बघू म्हणालो. आपल्याकडे वरचा माणूस 'बघू' म्हणाला की विषय संपतो.

तुम्ही गेल्यावर मी बेरीज केली. सहा भागांचा अर्धा अर्धा, म्हणजे तीन मिलीमीटर. आणि ठेवलेली फट होती चार. याचा अर्थ एखाद्या पेटीत दार एका बाजूला जवळजवळ घासेल आणि दुसऱ्या बाजूला सात मिलीमीटर उघडं राहील. हे कळायला मला दहा मिनिटं लागली. मी तो कागद चुरगळला. आजवर मी स्वतःला सांगत आलो की मालकांचा दबाव होता, वेळ नव्हता. तसं काही नव्हतं. तुमच्याकडे परत येऊन तुमचं बरोबर आहे असं म्हणावं लागलं असतं, आणि तेव्हा लोक पुन्हा हसले असते. चाळीस पेट्या, तुमची नोकरी आणि माझी सहा वर्षं, हे सगळं त्या एका हसण्याच्या भीतीतून निघालं.

पहिली पेटी तयार झाली आणि दार बसेना. ग्राहकाची माणसं दुपारी पाहायला येणार होती. मी तुमच्याकडे आलो. भाऊ, एवढी एक जमवून द्या, म्हटलं. तुम्ही कानस घेतलीत, लाकडी हातोडा घेतलात, कब्ज्याखाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या सारल्यात. दार काढायचं, घासायचं, लावायचं, डोळा बारीक करून फटीतून पाहायचं, पुन्हा काढायचं. दोन तासांनी ते दार असं बसलं की ग्राहकाच्या माणसाने फटीवरून चारी बाजूंनी बोट फिरवलं आणि माझ्याकडे वळून डिझाइन चांगलं आहे म्हणाला. मी थँक्यू म्हणालो. तुम्ही मागे चिंधीला हात पुसत उभे होता.

ते गेल्यावर तुम्ही मला बाजूला घेतलंत. चारचौघांत तुम्ही मला सायेब म्हणायचा, आणि दोघंच असलो की प्रमोदबाबू.

"हे दार म्या बसवलं, प्रमोदबाबू. तुमच्या कागदानं नाई. आता पुढचे चाळीस कोन बसवन?"

पुढचं पुढे पाहू, म्हणालो.

चाळीसच्या चाळीस तुम्हीच बसवलेत. एकेक दार त्याच्या त्याच्या पेटीला घासून, ठोकून. कुठलं दार कुठल्या पेटीचं हे कळावं म्हणून दाराच्या आतल्या काठावर आणि पेटीच्या चौकटीवर ठोकून आकडा उमटवलात. सात नंबरचं दार फक्त सात नंबरच्या पेटीला. मग सगळा माल रंगाला गेला आणि पावडर-रंगाच्या जाड थराखाली ते आकडे बुजले. पुढे ट्रकमध्ये भरताना दारं काढून वेगळी रचली गेली, पोचे पडू नयेत म्हणून. ती आपल्या कारखान्याची जुनीच पद्धत. जुन्या पेटीचं कुठलंही दार कुठल्याही पेटीला बसायचं, तेव्हा ती पद्धत बरोबरही होती. आता दार समतल झालंय, जोड्या ठरलेल्या आहेत, म्हणजे ही पद्धत चालणार नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कुणाच्या म्हणजे माझ्या. नमुना बदलणारा मी होतो, त्यामुळे बाकी काय काय बदलेल हे पाहणंही माझंच काम होतं.

ग्राहकाच्या आवारात त्यांच्या माणसांनी हाताला येईल ते दार येईल त्या पेटीला लावलं. काही दारं मिटेनात. काहींच्या फटीतून बोट जात होतं. पाण्याच्या चाचणीत पाणी आत गेलं. माल परत आला.

मालकांनी लेखी कारण मागितलं. आधी मी जिग मोजला. वाचणाऱ्यांसाठी सांगतो, जिग म्हणजे वेल्डिंग होताना पत्र्याचे भाग जागेवर धरून ठेवणारा लोखंडी सांगाडा. तो देवरावभाऊंनी स्वतः बनवला होता. मी एकटाच होतो, जेवणाच्या सुट्टीत. प्रत्येक टेकू, प्रत्येक खिळा मोजला. केसाएवढा फरक नव्हता. माझ्या आकड्यांत जो नेमकेपणा नुसता लिहिलेला होता, तो तुमच्या सांगाड्यात खरोखर होता. ते मोजून मी टेबलाशी आलो, आणि त्या दोन ओळी लिहिल्या.

मॅनेजरनी कागद सगळ्यांसमोर वाचला. तुम्ही पहिल्या रांगेत उभे होता. मी छताच्या पंख्याकडे पाहत होतो.

"जिग मोजून पाहा," तुम्ही म्हणालात.

कुणी मोजला नाही. मी मोजलाय, तो बरोबर आहे, एवढं एक वाक्य माझ्या तोंडात होतं. मॅनेजरनी दुसरा विषय काढला आणि मला हायसं वाटलं. हो, हायसं वाटलं. दुसरा चांगला शब्द शोधला असता, पण तो खरा नसता.

सोमवारपासून येऊ नका, असं तुम्हाला सांगितलं गेलं. निघताना तुम्ही माझ्या टेबलापाशी थांबलात. मला वाटलं आता शिवी येणार. मी तिच्यासाठी तयार होतो, जवळजवळ वाट पाहत होतो. तुम्ही म्हणालात, "पुढच्या नकाशात छेद लंबे ठेवजा." आणि गेलात.

ठेवले, भाऊ. पुढच्या नकाशात कब्ज्याचे छेद लांबट केले, सगळी मापं एका कोपऱ्यातून घेतली, दार पुन्हा चौकटीवर चढवलं आणि मालकांना असंच चांगलं दिसतं म्हणून पटवलं. आज कुठलंही दार कुठल्याही पेटीला बसतं. कानस लागत नाही. त्या नमुन्यावर मला बढती मिळाली. तुमच्या तिन्ही गोष्टी आता माझ्या नावाने चालतात. नवीन इंजिनिअरांना मी सांगतो की फरक हा शेवटी हाताने दुरुस्त करायचा नसतो, तो कुठे जाऊ द्यायचा हे पहिल्या रेघेच्या वेळी ठरवायचं असतं. ते लिहून घेतात. तुमचं नाव मी कधी घेतलं नाही. घेतलं असतं तर ते आता कुठे आहेत, असं कुणीतरी विचारलं असतं.

तुम्ही सौसरला रस्त्यालगत कूलर बनवायचं दुकान टाकलंत. एका उन्हाळ्यात माझ्या बायकोने बाजारातून कूलर आणला. मी गवत बदलायला तिन्ही बाजूंच्या जाळ्या काढल्या आणि परत लावताना कुठली कुठे होती ते विसरलो. कुठेही लावली तरी बसत होती. मी तिथेच फरशीवर बसून राहिलो. कुणी बनवलाय हे बायकोला विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. रामाकोन्याचे कुणी मिस्त्री आहेत, चांगला माणूस आहे, भाव करू देत नाही पण चहा पाजतो, असं ती म्हणाली.

तुमच्या दुकानावरून मी आठवड्यातून दोनदा तरी जायचो. एकदा तुम्ही हात वर केलात. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं. न ओळखल्यासारखं करून मी पुढे गेलो. आरशात पाहिलं तर तुमचा हात अजून वरच होता.

तुमच्यावर मला रागही आहे. तो लपवला तर हे लिहिणं पुन्हा त्या कागदासारखंच होईल. तुम्ही भांडला का नाहीत? त्या दिवशी आवाज चढवला असतात, माझी गचांडी धरली असतीत, तर मी मोडलो असतो आणि खरं बोललो असतो. आणि पहिलीच पेटी तुम्ही जमवून का दिलीत? तुमच्या हातात ते कसब नसतं तर माझं डिझाइन त्याच दुपारी ग्राहकासमोर मेलं असतं, तिथेच संपलं असतं. तुम्ही माझी चूक इतकी सुरेख झाकलीत की ती चाळीस पटीने वाढली. मी पंख्याकडे पाहत राहिलो आणि उरलेलं सगळं तुमच्यावर ढकलतोय, हे मला दिसतं. तरी हा वाद आपल्यात व्हायला हवा होता. तुम्ही जिंकला असतात. तुम्ही नेहमी जिंकायचा.

त्या कागदाच्या आधी माझे वडील गेले, तेव्हा तुम्ही रामाकोन्याहून पांढुर्ण्याला आला होता. ओसरीवर लोक बसलेले. आमचं लोखंडी फाटक कित्येक वर्षं जमिनीला घासायचं, दोन हातांनी उचलून उघडावं लागायचं. थोड्या वेळाने पाहतो तर तुम्ही शेजाऱ्याकडून पाना आणून ते फाटक उतरवत होता. कुणीतरी कुजबुजलं की ही काय वेळ आहे. तुम्ही माझ्याकडे पाहून, अपराध्यासारखं म्हणालात की येनाऱ्या मानसाईले तरास होऊन राहिला होता. त्या दिवशी सांत्वनाचे शब्द पुष्कळांनी दिले. माझ्या आईला मात्र तुमचं फाटकच आठवायचं. अशा माणसाबद्दल मी 'काळजी घेतली नाही' असं लिहिलं.

तुम्ही गेल्याचा फोन आला. मी अंत्यविधीला आलो नाही. आधी कागद दुरुस्त करू, मग तोंड दाखवू, असं ठरवलं. ही पुन्हा पळवाटच होती. सगळं खरं लिहून मॅनेजरकडे दिलं आणि तो कागद जसा वाचला होता तसाच हाही सगळ्यांसमोर वाचा म्हणालो. त्यांनी शांतपणे वाचला. म्हणाले, आता तो माणूसच नाही, जुनं उकरून काय होणार, तुमचंच नाव खराब होईल. आणि खणात ठेवला. तो अजून तिथेच आहे.

मग परवा तुमच्या तेरवीला रामाकोन्याला आलो. मंडपात तुमचे मोठे भाऊ होते, भावकी होती, गावातली माणसं होती. माल बिघडवला म्हणून देवरावला कंपनीतून काढलं, हे त्या सगळ्यांना माहीत होतं. मला एक सांगायचंय, असं म्हणून मी उभा राहिलो. आणि बोलू लागलो. पत्रा वाकवल्यावर मागे येतो, सहा भागांचा फरक एकत्र होतो, रंगाखाली आकडे बुजतात, दारं वेगळी भरायची पद्धत होती, त्या परिस्थितीत काही निर्णय घेतले गेले. 'घेतले गेले' असंच म्हणालो. अजूनही. माणसं सभ्यपणे ऐकत होती.

तुमच्या मोठ्या भावांनी हात थोडा वर करून मला थांबवलं.

"ते राहू द्या जी. चूक कोनाची होती, तेवढं सांगा."

"माझी," म्हणालो.

वहिनी बायकांमध्ये बसल्या होत्या. त्या उठून पुढे आल्या. मला वाटलं रडतील किंवा जा म्हणतील. त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या, जसं कुणाला गाडीची वेळ सांगावी.

"त्याईले मालूमच होतं. दुकानापुढं कोनाची गाडी थांबली का मान वर करून पाहत. म्हनत, येईन तो, मास्तरच्या घरचा हाय. पाच वर्सं म्हनले. यंदा म्हननं सोडलं होतं."

मग त्या म्हणाल्या, "पान वाढलं हाय. जेवून जा."

मी पंगतीत बसलो, भाऊ, आणि जेवलो. नाही म्हणायचीही हिंमत झाली नाही.